लिनक्स, इंकजेट आणि निखळ राखाडी: कृष्णधवल फोटो छापण्याची जुळवाजुळव

रात्री पिवळ्या दिव्याखाली तो प्रिंट मला झकास वाटला होता. सकाळी खिडकीशी नेला आणि पाहतो तर काय, ढगांना शेवाळ धरल्यासारखी हिरवट झाक! फाइलमध्ये रंगाचा टिपूसही नव्हता. प्रत्येक पिक्सेलचे लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे सारखे होते. मग हिरवं आलं कुठून? प्रिंटरने राखाडी छटा काळ्या शाईतून न काढता सायन, मॅजेंटा आणि पिवळी शाई मिसळून काढली होती. अशा मिश्रणाचा तोल एका उजेडात जमतो आणि दुसऱ्यात ढळतो. याला मेटामेरिझम म्हणतात.

रंगीत फोटोत एवढी चूक खपून जाते. आकाश किंचित हिरवट झालं तर कोण बघतं! कृष्णधवलमध्ये लपायला जागाच नाही. शिवाय एप्सन, कॅनन वगैरेंच्या विंडोज-मॅक ड्रायव्हरमध्ये कृष्णधवलसाठी खास कप्पे असतात (एप्सनचा 'ॲडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट' हा त्यातला प्रसिद्ध). लिनक्सवर ते मिळत नाहीत, म्हणून ते काम आपल्यालाच हाताने करावं लागतं. होतं मात्र उत्तम, फक्त दोन प्रश्न एकमेकांत मिसळायचे नाहीत. पहिला: राखाडी कुठल्या शाईतून येणार? दुसरा: पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतची शिडी सारख्या पायऱ्यांची आहे का? पहिल्याचं उत्तर ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये आहे, दुसऱ्याचं मोजमापात. लोक बहुधा दुसऱ्याचं दुखणं पहिल्याच्या औषधाने बरं करायला जातात आणि कागदाचे गठ्ठे संपवतात.

शाईचा हिशेब आधी

प्रिंटरचं झाकण उघडा आणि काळ्या-राखाडी शाया किती आहेत ते मोजा. पुढचं सगळं या आकड्यावर ठरतं.

एकच काळी शाई असेल तर दोन वाटा उरतात. एक, फक्त काळ्याने छापायचं. रंगाची झाक येण्याचा प्रश्न मिटतो, पण उजळ भागात काळे ठिपके विरळ पडतात आणि चेहऱ्यावर, आकाशात ते रवाळ दिसतात. थेंब बारीक असेल, म्हणजे दीड ते तीन पिकोलिटरच्या आसपास, तर हातभर अंतरावरून हा रवा फिल्मच्या ग्रेनसारखा वाटतो. मला तो आवडतो, सगळ्यांना आवडेलच असं नाही. दुसरी वाट रंगीत शायांसकट छापायची आणि त्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्या शाई-कागदावर रंग कसे उमटतात याचा मोजलेला तक्ता) करून झाक आवरायची. छटा मुलायम येतात, पण उजेड बदलला की सकाळच्या ढगांसारखी गत होऊ शकते.

दोन-तीन काळ्या असतील तर तुमचं नशीब चांगलं. एप्सनने २००५ साली 'अल्ट्राक्रोम के३' संच आणला, त्यातला ३ म्हणजे काळ्याच्या तीन पातळ्या: पूर्ण काळी, फिकी आणि त्याहून फिकी. उजळ भागात विरळ काळ्या ठिपक्यांऐवजी फिक्या शाईचे दाट ठिपके पडतात आणि रवा जवळजवळ नाहीसा होतो.

आणि एक वाट वेड्यांची: रंगीत शाया काढून सगळ्या खणांत राखाडीच्या वेगवेगळ्या पातळ्या भरायच्या. तिच्यासाठी रॉय हॅरिंग्टन यांचं 'क्वाडटोनरिप' हे सॉफ्टवेअर आहे. ते मुख्यतः एप्सनसाठी असून लिनक्सवरच्या 'गुटेनप्रिंट' ड्रायव्हरच्याच (तेव्हाचं नाव गिंप-प्रिंट) पायावर उभं आहे. त्यात प्रत्येक शाईसाठी २५६ आकड्यांची वक्ररेषा असते आणि कुठल्या छटेला कुठली शाई किती पडेल हे तुम्ही ठरवता. त्या वाटेला लागायचं तर एक प्रिंटर कायमचा त्यासाठीच राखून ठेवा. रंगीत शाई परत भरून जुने दिवस येतील ही आशा ठेवू नका.

काळ्यातही दोन जाती असतात, फोटो ब्लॅक आणि मॅट ब्लॅक. चकचकीत आणि बॅरायटा कागदाला फोटो ब्लॅक, खरखरीत किंवा कापसाच्या मॅट कागदाला मॅट ब्लॅक. मॅट ब्लॅक चकचकीत कागदावर धरत नाही, बोट लावलं की पुसते. उलट मॅट कागदावर फोटो ब्लॅक टाकलात तर काळा रंग कोळशाऐवजी राखेसारखा दिसतो.

ड्रायव्हर: इथेच निम्मे लोक अडकतात

लिनक्सवर छपाईची सगळी सूत्रं 'कप्स' या यंत्रणेकडे असतात. मायकेल स्वीट यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ते लिहायला घेतलं. आता ते 'ओपनप्रिंटिंग' प्रकल्प सांभाळतो. कप्सला ड्रायव्हर लागतो आणि आपल्या कामाचा ड्रायव्हर म्हणजे गुटेनप्रिंट. डेबियन-उबुंटूत पॅकेजच्या नावात 'प्रिंटर-ड्रायव्हर-गुटेनप्रिंट' दिसेल, फेडोरात 'गुटेनप्रिंट-कप्स'. ते बसवा.

आता अडचण अशी, की आजकालच्या डिस्ट्रो (डेबियन, फेडोरासारखे लिनक्सचे अवतार) तुम्हाला न विचारताच प्रिंटर जोडून मोकळ्या होतात. नेटवर्कवर प्रिंटर दिसला की 'ड्रायव्हरलेस' क्यू (वेगळा ड्रायव्हर न लागणारी छपाईची रांग) आपोआप तयार होतो. पत्रं छापायला तो झकास आहे. फोटोच्या बाबतीत मात्र कुठली शाई कुठे पडायची याचा निर्णय प्रिंटरच्या पोटातला प्रोग्रॅम घेतो आणि आपल्या हातात काहीच उरत नाही. तुम्ही 'मोनोक्रोम' निवडलंत तरी फोटो कागदावर तो रंगीत शाया मिसळू शकतो. बरेच जण गुटेनप्रिंट बसवतात आणि छापताना यादीतला हा आपोआप आलेला क्यूच निवडतात. मीही आठवडाभर तेच करत होतो आणि 'सेटिंगचा काहीच परिणाम होत नाही' म्हणून डोकं खाजवत होतो.

म्हणून क्यू स्वतः तयार करा. ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी लोकलहोस्ट आणि पोर्ट ६३१ टाका, कप्सचं पान उघडेल. 'ॲडमिनिस्ट्रेशन'मध्ये 'ॲड प्रिंटर'. नाव-पासवर्ड विचारेल तेव्हा आपलंच लॉगिन द्यायचं. डेबियन घराण्यात ते 'एलपीॲडमिन' गटात असावं लागतं, नाहीतर दार उघडत नाही. जोडणी निवडा, मग मेक आणि मॉडेल. एकाच मॉडेलच्या तीन-चार ओळी दिसतील. ज्या ओळीत 'गुटेनप्रिंट' लिहिलंय तीच घ्या.

यूएसबीने जोडलेला प्रिंटर त्या यादीत दिसतच नसेल तर बहुतेक 'आयपीपी-यूएसबी' ही सेवा त्याला धरून बसली आहे. डेबियन ११ पासून ती सर्रास आढळते. प्रिंटर तिच्या ताब्यात असेपर्यंत जुन्या पद्धतीच्या ड्रायव्हरला तो सापडत नाही. ती सेवा थांबवून बंद करा, केबल काढून पुन्हा लावा आणि यादी परत उघडा.

एकच क्यू करून थांबू नका. त्याच प्रिंटरसाठी दोन-तीन क्यू करता येतात आणि प्रत्येकाची डीफॉल्ट सेटिंग स्वतंत्र राहते. माझ्याकडे एक 'काळा-मॅट', एक 'काळा-चकचकीत' आणि रंगीत कामाचा तिसरा आहे. नावात मोकळी जागा चालत नाही, म्हणून जोडरेघ. दर वेळी डायलॉगमधले वीस पर्याय आठवत बसण्यापेक्षा हे बरं.

क्यूची सेटिंग

कप्सच्या पानावर आपला क्यू उघडून 'सेट डीफॉल्ट ऑप्शन्स' निवडा. गुटेनप्रिंटचे पर्याय पाहून छातीत धडकी भरते, पण आपल्याला मोजकेच लागतात.

कलर मॉडेल किंवा आउटपुट टाइपमध्ये 'ग्रेस्केल'. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ते हेच. इथे रंगीत राहिलं तर पुढचं सगळं मुसळ केरात. मीडिया टाइप कागदाच्या जातीला सर्वांत जवळचा घ्या, कारण शाई किती ओतायची हे तो ठरवतो. इंक सेटमध्ये बसवलेली काळी, मॅट की फोटो. रिझोल्यूशन १४४० डीपीआयच्या आसपास पुरे. त्यावर गेल्यास वेळ दुप्पट होतो आणि फरक भिंगाखालीच दिसतो. छपाईची दिशा एकतर्फी ठेवता येत असेल तर ठेवा. जाताना-येताना दोन्ही वेळा छापलं की सपाट राखाडीत बारीक आडव्या रेषा उठण्याची शक्यता वाढते. डिदरिंगमध्ये (ठिपके मांडायच्या पद्धतीत) 'इव्हनटोन' उजळ भागात ठिपके नीट पसरवतं. ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, गॅमा यांना हात लावू नका. फोटो गडद आला म्हणून इथली सरकपट्टी ओढली की पुढचं मोजमाप कशाचं केलं तेच कळेनासं होतं.

आणखी एक चोर दार बंद करायचं असतं. जीनोम डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये 'कलर' नावाचं पान आहे. तिथे प्रिंटरला प्रोफाइल चिकटलेलं असेल तर ते बंद करा, नाहीतर तुमची फाइल कागदावर जाण्याआधी वाटेत कुणीतरी परस्पर बदलेल. छटा बदलण्याचा अधिकार एकाच ठिकाणी असावा: एकतर आपल्या वक्ररेषेत (ती पुढे काढू), नाहीतर प्रोफाइलमध्ये.

मग नोझल तपासणी, म्हणजे शाईची बारीक भोकं तुंबलीत का ते बघणं. गुटेनप्रिंटसोबत येणारं 'ईएससीपी-यूटिल' हे टर्मिनलमधलं साधन एप्सनच्या प्रिंटरला नोझलचा नमुना छापायला आणि हेड साफ करायला सांगतं. इतरांच्या बाबतीत प्रिंटरच्या स्वतःच्या मेनूत ही सोय असते. नमुन्यातली एक रेघ जरी तुटलेली असेल तर पुढे जाऊ नका.

एकवीस चौकोनांची पट्टी

आता दुसरा प्रश्न, आणि खरी मजा इथे आहे.

गिंप या फोटो-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये पट्टी तयार करा: २१ चौकोन, ० टक्के शाईपासून १०० टक्क्यांपर्यंत, पाच-पाचच्या अंतराने. पिक्सेलच्या भाषेत पांढरा २५५, पाच टक्के २४२, दहा टक्के २३०, पन्नास टक्के १२८, शंभर टक्के ०. ग्रेडियंट ओढून पट्टी करायचा मोह टाळा. प्रत्येक चौकोन आकडा टाकून भरा. मग ती ज्या प्रोग्रॅममधून फोटो छापणार आहात त्याच प्रोग्रॅममधून, त्याच क्यूवर, त्याच कागदावर छापा. पट्टी एका वाटेने गेली आणि फोटो दुसऱ्या, तर मोजमाप वाया गेलं.

छापलेली पट्टी तासभर वाळू द्या आणि आधी फक्त काळं टोक पाहा. माझ्या पहिल्या मॅट पट्टीत ८५, ९०, ९५ आणि १०० हे चारही चौकोन एकाच डांबराच्या डब्यातून काढल्यासारखे होते. म्हणजे ८५ टक्क्यांनंतर ओतलेली शाई कागदात नुसती जिरत होती, काळेपणा वाढवत नव्हती. यावर वक्ररेषा हा पहिला उपाय नव्हे. आधी शाईचा नळ कमी करायचा. गुटेनप्रिंटमधला 'डेन्सिटी' हा पर्याय त्यासाठीच आहे. तो १ वरून ०.९, ०.८ असा उतरवत पट्ट्या छापा. ९५ आणि १०० यांच्यात पुसटसा का होईना फरक दिसू लागला आणि १०० चा चौकोन अजून तितकाच काळा आहे, तिथे थांबा. त्याखाली गेलात तर काळा फिका पडू लागतो. माझा काटा ०.८ वर स्थिरावला. हा आकडा क्यूच्या डीफॉल्टमध्ये कायम करा.

यानंतर मोजणी. कलरिमीटर फक्त पडद्याचा असेल तर तो इथे चालत नाही. कागद वाचणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो. तो असेल तर ग्रॅम गिल यांच्या 'आर्गिल सीएमएस'मधलं 'स्पॉटरीड' एकेक चौकोन वाचून एल, ए, बी असे तीन आकडे देतं. एल म्हणजे उजळपणा, ० ते १००. ए आणि बी शून्याच्या जवळ असतील तर राखाडी निखळ. स्पेक्ट्रोफोटोमीटर नसेल तर साध्या फ्लॅटबेड स्कॅनरवरही काम निभतं. स्कॅनरचं ऑटो एक्स्पोजर आणि सगळ्या 'सुधारणा' बंद करा, पट्टी स्कॅन करा आणि गिंपच्या पॉइंटर खिडकीत लॅब (म्हणजे हेच एल, ए, बी) आकडे वाचा. चौकोन थोडा धूसर करून घेतलात तर ठिपक्यांची सरासरी मिळते. स्कॅनर गडद भागात थोडा खोटं बोलतो, पण मधल्या छटा सुधारायला पुरतो.

आकड्यांचं काय करायचं ते एका उदाहरणाने पाहू. कोऱ्या कागदाचा एल ९६ आणि सर्वांत काळ्या चौकोनाचा १८ आला (मॅट कागदासाठी हे नेहमीचं, चकचकीत कागदावर काळा याहून बराच खोल जातो). दोन्हींतलं अंतर ७८ आणि पायऱ्या २०, म्हणजे प्रत्येक पायरीला ३.९ ने उतरायला हवं. त्या हिशेबाने मधल्या, म्हणजे ५० टक्क्यांच्या चौकोनाचा एल ५७ असायला हवा. प्रत्यक्षात तो ४६ निघाला, म्हणजे प्रिंट मध्येच गडद होतोय. मग पट्टीत ५७ कुठे आहे ते शोधा. ३५ टक्क्यांच्या चौकोनाला ६०, ४० टक्क्यांच्या चौकोनाला ५५. म्हणजे ५७ येतो ३८ टक्क्यांवर. अर्थ सरळ आहे: फाइलमध्ये ५० टक्के असेल तिथे प्रिंटरला ३८ टक्केच सांगायचे.

गिंपच्या कर्व्ह्ज खिडकीत पांढरा २५५ असल्यामुळे आकडे उलटे होतात: इनपुट १२८, आउटपुट १५८. असेच आणखी सहा-सात बिंदू काढा, विशेषतः ७० टक्क्यांच्या पुढे जरा दाट घ्या, कारण सावल्यांतला तपशील तिथेच बुडतो. दोन्ही टोकं मात्र जिथल्या तिथे. कर्व्ह्जच्या खिडकीत 'पर्सेप्च्युअल' आणि 'लिनियर' असं निवडायचं बटण असतं. आपले आकडे पर्सेप्च्युअलचे आहेत, लिनियरवर टाकलेत तर विचका होईल. वक्ररेषा कागदाच्या नावाने प्रीसेट म्हणून जपून ठेवा.

आता तीच वक्ररेषा पट्टीच्या मूळ फाइलवर लावून पट्टी पुन्हा छापा आणि पुन्हा मोजा. पहिल्या फेरीत सगळं जुळत नाही. ५० टक्क्यांचा चौकोन ५५ ते ५९ च्या दरम्यान आला आणि कुठलेही दोन शेजारी एकरूप नाहीत, एवढं झालं की पुरे. दशांशाच्या मागे लागण्यात अर्थ नाही. कागदाच्या दोन पुड्यांतही तेवढा फरक निघतो.

फोटो पाठवताना

मूळ फाइलला हात न लावता छपाईची वेगळी प्रत करा. क्रम असा: छटांचं काम, मापात आणणं, धार देणं (शार्पनिंग) आणि सर्वांत शेवटी प्रिंटरची वक्ररेषा. माप आधीच पक्कं करा. एप्सनला ३६० पीपीआय (दर इंचाला पिक्सेल) मानवतं, कॅननला ३००. २० बाय २५ सेंटिमीटरचा प्रिंट ३६० ला म्हणजे २८३५ बाय ३५४३ पिक्सेल. छापताना 'पानात बसवा' बंद, नाहीतर दिलेली धार वाटेत बोथट होते.

संस्करण १६ बिटमध्ये करा, पण गिंपमधून छापताना माहिती ८ बिटनेच पुढे जाते हे ध्यानात असू द्या. वक्ररेषा फार वाकडी असेल तर कोऱ्या आकाशात पट्टे उमटतात. उपाय जुनाच: छपाईच्या प्रतीवर नकळत वाटेल इतका ग्रेन टाकायचा. वाईट वाटून घेऊ नका, फिल्मने तो फुकट दिला होता.

डार्कटेबल या फोटो-संस्करणाच्या प्रोग्रॅममध्येही छपाईचा विभाग आहे आणि तिथे आयसीसी प्रोफाइल निवडता येतं. रंगीत शायांची वाट धरणाऱ्यांनी तोच वापरावा, पण तेव्हा ही वक्ररेषा लावायची नाही. प्रोफाइल आणि वक्ररेषा दोन्ही लावलेला प्रिंट म्हणजे दोनदा मीठ पडलेली आमटी.

एवढं करूनही 'पडद्यावर छान, कागदावर अंधार' अशी तक्रार उरली तर पट्टीकडे नको, पडद्याकडे बघा. बहुतेक पडदे कारखान्यातून डोळे दिपतील इतके तेज येतात. १०० कॅन्डेला प्रति चौरस मीटरच्या आसपास उतरवा. मोजायला काही नसेल तर कोरा कागद चांगल्या उजेडात पडद्याशेजारी धरा आणि पडद्यावरचा पांढरा त्याच्याइतकाच उजळ होईपर्यंत ब्राइटनेस कमी करा.

प्रिंट निघाल्यावर लगेच निकाल देऊ नका. मॅट कागदावरचा काळा ओला असताना खोल दिसतो आणि वाळताना थोडा उतरतो. चोवीस तास उघडा ठेवा, काचेत त्यानंतर. मग आधी खिडकीशी आणि रात्री दिव्याखाली, असा दोन्हीकडे पाहा. कापून टाकायच्या कडेला मी ०, २५, ५०, ७५, १०० असे पाच बारीक चौकोन छापतो आणि मागे पेन्सिलने क्यूचं नाव, डेन्सिटी आणि वक्ररेषेची तारीख लिहितो. शाईचं नवं कार्ट्रिज बसवलं की त्या पाच चौकोनांची जुन्या प्रिंटशी गाठ घालून बघायची. ५० चा चौकोन हललेला दिसला, तरच एकवीसची पट्टी पुन्हा काढायची.